लिंबाएवढी कणीक

आमच्या गावात एक माणूस असा आहे, जो दारात उभा राहून भाकरी मागत नाही, पीठ मागत नाही, चहा दिला तर नको म्हणतो. तो मळलेली कणीक मागतो. लिंबाएवढी. देणाऱ्या बाईच्या देखत तो गोळा तळहातावर घेतो, अंगठ्यानं दाबतो, पडलेला खळगा वर येतो का ते बघतो, आणि वैद्यानं नाडी बघून सांगावं तसं सांगतो, "घाई झालती का आज?" नाहीतर, "लई राग हाय हिच्यात. कोणावरला काढला?" मग गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून चालू लागतो.

हे सोपानबप्पा. वय पंच्याहत्तरच्या आसपास, नक्की किती ते त्यांच्या आईला माहीत होतं. अंगानं काटकुळे, धोतर, टोपी, आणि उजव्या खांद्यापेक्षा दोन बोटं खाली आलेला डावा खांदा. पन्नास वर्षं त्या खांद्यावर पखवाजाचा पट्टा आहे, दुसरं काय होणार?

पखवाज ज्यांनी जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. त्याच्या उजव्या तोंडावर काळी शाई कायमची बसवलेली असते. डाव्या तोंडावर मात्र दर वेळी ताजी गव्हाची कणीक थापावी लागते, तेव्हा कुठं तो खालचा घुमणारा आवाज निघतो. वाजवून झालं की ती खरवडून टाकायची, दुसऱ्या दिवशी नवी. बप्पा खरवडलेली कणीक मुंग्यांच्या वारुळापाशी नेऊन ठेवतात. "तिनं आपलं काम केलं," म्हणतात.

आता बाकीचे पखवाजवाले मुकाट्यानं घरची कणीक लावतात. बप्पांचं तसं नाही. रोज दिवेलागणीला मारुतीच्या देवळात त्यांचा रियाज, आणि रोज वेगळ्या घरची कणीक. सोमवार कुणाचा, मंगळवार कुणाचा, सगळं ठरलेलं. आमचा बुधवार. का हो असं, म्हणून विचारलं तर म्हणतात, "एकाच घरचं खाऊन पखवाज माजतोय."

त्यात नियम काय थोडे? कणकेत मीठ नको, मीठ चामडं खातं. तेलाचा हात नको. मळून ठेवलेली चालत नाही, त्यांच्या समोर मळायची. दिलेली कणीक कशीही असो, परत करायची नाही. आणि दर चार वाक्यांनी एक वाक्य ठरलेलं, "कणीक खोटं बोलत न्हाई." गावातली पोरं परीक्षेत नापास झाली की बापाला सांगायची, "निकालाचं काय घेऊन बसलात, कणीक बघा."

मी या गावात सून म्हणून आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. माहेर बीड शहरातलं, मॅट्रिक पास, आणि तेवढ्या भांडवलावर मला वाटायचं की मराठवाड्यात आपल्याइतकं वाचलेलं कुणी नाही. चौसाळ्याच्या फाट्यावर एसटीतून उतरून बैलगाडीत बसताना मी नाकाला रुमाल लावला होता. तो रुमाल सासूबाईंनी पुढं पंधरा वर्षं लक्षात ठेवला.

लग्नाला तीन आठवडे झाले असतील. संध्याकाळी दारात एक तरणा माणूस. नजर जमिनीवर, आवाज मऊ. म्हणाला, "वैनी, लिंबाएवढी कणीक द्या. तुमच्या हातची."

तुमच्या हातची! झालं. मासिकांतल्या कथा वाचून वाचून माझं डोकं आधीच तापलेलं, त्यात हे तूप पडलं. मी कणीक मळून दिली. त्यानं ती दाबून पाहिली आणि म्हणाला, "माहेरची आठवण येती का लई?" मला आठवण येतच होती. पण मला वाटलं, अहाहा, माझं मन ओळखणारा हा एकच माणूस या ओसाड गावात! मी त्या रात्रीच्या भाकरी करपवल्या.

पुढच्या बुधवारी मी अबोलीचा गजरा माळला. त्याच्या पुढच्या बुधवारी तोंडाला पावडर लावली, ती कणकेत सांडली, तर सोपानबप्पा म्हणतात, "आज वास का येतोय हिला?" तरी माझे डोळे उघडेनात. मी बीडच्या मैत्रिणीला आठ पानांचं पत्र लिहिलं, 'एका कलावंताचं आयुष्य माझ्यापायी उद्ध्वस्त होईल की काय, अशी भीती वाटते.' मैत्रिणीनं ते पत्र अजून जपून ठेवलंय. दर संक्रांतीला फोन करून मला त्यातला एक उतारा वाचून दाखवते. तिळगूळ राहिला बाजूला.

मग एका गुरुवारी मी चाळणी परत करायला बायजाकाकूंकडे गेले. बायजाकाकू तेव्हा सत्तरीच्या, तोंडात एक दात, तोही हलणारा. दारात कलावंत उभे. नजर जमिनीवर, आवाज तोच मऊ. "काकी, लिंबाएवढी कणीक द्या. तुमच्या हातची."

मी चाळणी तिथंच टाकून घरी आले. पुढच्या बुधवारी रागाच्या भरात परातीत जे मळलेलं होतं त्यातलं मूठभर काढून त्यांच्या हातावर आदळलं. परातीत होती ज्वारी. आमच्याकडं रोजचं खाणं भाकरीचं, गहू सणावाराला. शहरातली शहाणी मी, मला वाटलं पीठ ते पीठ. बप्पांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं, अंगठा काही लावला नाही, गोळा घेतला आणि गेले.

तो नेमका भजनाचा दिवस. ज्वारीला चिकटपणा नसतो हे मला सोडून सगळ्या जगाला ठाऊक. भजन ऐन रंगात आलं, विणेकरी बुवा डोळे मिटून, तोंड उघडून वरचा सूर लावत होते, आणि पखवाजावरची अख्खी खपली सुटली ती थेट बुवांच्या तोंडात. बुवांनी सूर सोडला नाही, खपली गिळली. देवळात हसून हसून लोक खांबाला धरून बसले. कुणाच्या घरची कणीक, म्हणून सगळ्यांनी विचारलं. बप्पांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. पुढच्या बुधवारी दारात आले, एवढंच म्हणाले, "वैनी, तुमची ज्वारी चांगली हाय. पण ती पोटाला. पखवाजाला गहू."

तेव्हापासून मी त्यांना देतेय. पन्नास वर्षं झाली.

त्यांच्या तऱ्हेवाईकपणाचा आणखी एक किस्सा मी वर्षानुवर्षं लोकांना रंगवून सांगायचे. बारा वर्षांपूर्वी आमचे हे गेले. दिवस झाले, पाहुणे पांगले. मुलगा आणि सून रेखा तेव्हा वडवणीला राहायची, त्यांनाही मीच जा म्हणून लावून दिलं. घर रिकामं. चूल पेटवायची कुणासाठी? दोन दिवस मी चहावर होते. तिसऱ्या दिवशी बुधवार. संध्याकाळी कडी वाजली. दारात सोपानबप्पा. ना कसं काय, ना डोळ्यांत पाणी. "वैनी, कणीक द्या. आन् जरा जास्तीची मळा, आज दोन पखवाज हायेत."

मी मनात म्हटलं, याला म्हणावं तरी काय! माझा माणूस गेला आणि याला कणीक सुचते, तीही दुप्पट! पण चाळीस वर्षांची सवय हाताला. परात काढली, मळली. त्यांनी लिंबाएवढीच उचलली, बाकी परातीत ठेवून गेले. दुसरा पखवाज गावात नव्हताच! उरलेल्या कणकेचं करायचं काय, फेकवत तर नाही, म्हणून मी दोन पोळ्या लाटल्या आणि मिरचीच्या ठेच्याबरोबर खाल्ल्या. हा किस्सा मी 'दगडाचं काळीज' या नावानं सांगायचे. लोक हसायचे.

असो. आता मुद्द्यावर येते.

रेखा अंगणवाडीत काम करते आणि उरलेल्या वेळात मोबाईलमध्ये. गेल्या वर्षी एका बुधवारी कणीक तिनं मळली. बप्पांनी दाबून पाहिली आणि म्हणाले, "मळताना एक डोळा दुसरीकडं व्हता." रेखा चाट पडली. पुढच्या बुधवारी तिनं मोबाईल खिडकीत टेकवून ठेवला आणि सगळं टिपलं, कणीक दाबणं, निदान, देवळातला रियाज, मुंग्या. तो व्हिडिओ कुठल्या कुठं गेला. रोज सकाळी ती बप्पांना आकडा सांगायची. बप्पा म्हणायचे, "एवढ्या लोकांनी पायलं, एकानंबी कणीक न्हाई आणली."

दिवाळी झाली आणि पुण्याकडून एक गाडी आली. त्यातून उतरले कुणाल साहेब, वाद्यं बनवणाऱ्या कंपनीचे. तिशीचे असतील, गोड बोलणारे. त्यांच्या कंपनीनं नव्या तऱ्हेचा पखवाज काढला होता. लाकडाऐवजी फायबर, म्हणून वजन निम्म्याहून कमी. आणि मोठी गंमत म्हणजे डाव्या तोंडावरही कायमची शाई. कणीक लागतच नाही. कंपनीचं म्हणणं, ज्यांच्या कणकेचा व्हिडिओ गावोगाव गेला त्याच सोपानबप्पांनी हा पखवाज गळ्यात घालून सांगावं, 'कणकेची कटकट नको, उचला आणि वाजवा.'

रेखानं आमच्या ओसरीवर करार वाचून दाखवला. दोन वर्षं बप्पांनी चारचौघांत कुठंही फक्त कंपनीचाच पखवाज वाजवायचा. बदल्यात मानधन, त्यांना एक पखवाज, आणि ते सांगतील त्या भजनी मंडळाला पाच पखवाज आणि माईकचा संच.

ते सांगतील ते भजनी मंडळ! आमचं महिला भजनी मंडळ अकरा बायकांचं आहे, अध्यक्ष मी. आमच्याकडं टाळ आहेत, आवाज आहेत, आणि एक ढोलकी आहे जिच्यातून फक्त हवा निघते. बप्पा आम्हाला पखवाज शिकवायला तयार होते, पण त्यांचा एकच आणि तो एवढा जड की आमच्या शांताबाईनं उचलला तेव्हा आधी पखवाज बसला, मग शांताबाई. बाहत्तराव्या वर्षी मला पखवाज शिकायचाय, हसा हवं तर. पाच पखवाज म्हटल्यावर माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

"बप्पा, सही करा," मी म्हटलं. "खांद्याचं बघा जरा. रात्री शेकता ना?"

"शेकतो की."

"मग?"

"कणीक लागत न्हाई म्हणतेत. आजिबात?"

"अजिबात नाही, काका," कुणाल साहेब खूश होऊन म्हणाले. "तोच तर फायदा!"

"मंग मी मागायला जाऊ कशापायी?"

"जायचंच नाही! त्रास वाचला!"

बप्पांनी माझ्याकडं पाहिलं, रेखाकडं पाहिलं, कागदाकडं पाहिलं. म्हणाले, "आठ दिस द्या."

कुणाल साहेब पखवाज ठेवून गेले. बप्पांनी तो देवळात नेऊन वाजवला. आम्ही सगळ्या पारावर कान टवकारून. तासाभरानं बाहेर आले तर चेहरा उतरलेला.

"काय हो, आवाज वाईट आहे का?" मी विचारलं.

"न्हाई ना! नाव ठिवायला जागा न्हाई. हेच वाईट झालं."

आठ दिवस बप्पांनी गावाला वेड लावलं. न्हाव्याला विचारलं, पोस्टमनला विचारलं, वडवणीच्या बाजारात बैलवाल्याला विचारलं. सगळे म्हणाले, घ्या. कपिलधारला जाऊन धबधब्याखाली उभे राहिले, तिथं तरी सुचेल म्हणून, आणि सर्दी घेऊन आले. आणि एवढं होऊनही रोज संध्याकाळी कणीक मागायला जायचं काही चुकलं नाही. मी त्या बुधवारी चिडून म्हटलंच, "बप्पा, नवा पखवाज घरात आहे ना? एवढा कसला हो जीव अडकलाय तुमचा कणकेत?"

त्यांनी माझा गोळा दाबला. "हिच्यात लई हाव हाय, वैनी," म्हणाले आणि गेले. रेखा आत जाऊन हसत होती, मला भांडी वाजल्यावरून कळलं.

नवव्या दिवशी, मंगळवारी, कुणाल साहेब कॅमेरेवाल्यांना घेऊनच आले. सहीचं नंतर बघू, आधी एकदा करून तर पाहू, म्हणाले. मारुतीच्या पारावर बप्पांना बसवलं. धुतलेलं धोतर, कपाळाला बुक्का, गळ्यात तो हलका पखवाज. आमचं मंडळ मागं टाळ घेऊन उभं. दुपार कलली होती.

"काका, फक्त एवढंच. कणकेची कटकट नको, उचला आणि वाजवा."

बप्पांनी घसा साफ केला. "कणकेची..." आणि थांबले.

"पुन्हा, काका."

"कणकेची कटकट नको, असं साहेब म्हणतेत."

"साहेबांचं नाव नका घेऊ. तुम्हीच म्हणताय."

"मी कुठं म्हणतोय?"

तिसऱ्यांदा ते म्हणाले, "कणकेची कटकट... आता कटकट कशाची बाबा, लिंबाएवढी तर लागती." चौथ्यांदा कॅमेऱ्याकडं बघून म्हणाले, "पखवाज झकास हाय. पर कणीक मळीत जा, बायांनो." कॅमेरेवाला खाली बसून हसला. सहाव्यांदा सगळं बरोबर म्हणाले, फक्त 'नको' गाळलं. त्यानंतर बप्पा सारखे मान वर करून सूर्याकडं बघायला लागले.

"काका, कुठं जायचंय का?"

"सावित्राबाईकडं. आज मंगळवार."

"कणीक आणायला? पण या पखवाजाला..."

"ते ठावं हाय मला." बप्पांनी पखवाज गळ्यातून काढून मांडीवर ठेवला. "साहेब, तिचा ल्योक आन् सून कोयत्यावर गेलेत." ऊसतोडीला जाण्याला आमच्याकडं असंच म्हणतात. दिवाळीनंतर निम्मं गाव कारखान्यांकडं निघून जातं, मागं राहतात म्हातारी माणसं आणि कुलपं. "एकलीच हाय म्हातारी. गेल्या मंगळवारी कणीक पातळ झालती. हात थरथरतोय तिचा. त्याच्या आधल्या मंगळवारी बरी व्हती. म्हून आज जायलाच पायजे."

"मग भेटायला जा ना, काका. कणीक कशाला हवी त्याला?"

"भेटायला गेलं की ती म्हणती, मी बरी हाय. सगळीच म्हणतेत. मीबी म्हणतो." बप्पा मांडीवरच्या पखवाजाच्या शाईवरून बोट फिरवत होते. "कणीक खोटं बोलत न्हाई. ती मळली म्हणजी घरात पीठ हाय. परात हालली म्हणजी माणूस उठून बसलंय. लिंबाएवढी माझ्यासाठी मळली की दोन पोळ्यांची आपसूक मळून होती. नुसतं जेव म्हणलं तर कोण जेवतंय?"

शांताबाईचा टाळ उगीच किणकिणला.

मी मात्र मागं उभी राहून मनातल्या मनात वार मोजत होते. सोमवारी पांडूची आई, मुलगा पुण्याला. मंगळवारी सावित्राबाई. गुरुवारी बायजाकाकूंचं घर, काकू जाऊन जमाना झाला, आता तिथं त्यांची विधवा नात. सगळी एकएकटी घरं. आणि बुधवारी मी. माहेर सोडून आलेली, नाकाला रुमाल लावणारी एकोणीस वर्षांची मी. मग बारा वर्षांपूर्वीची मी. 'जरा जास्तीची मळा, आज दोन पखवाज हायेत.' ज्या माणसाला सहा वेळा सांगून जाहिरातीतलं एक वाक्य खोटं म्हणवेना, तो माझ्या दारात उभा राहून न अडखळता खोटं बोलला होता. आणि मी ते दगडाचं काळीज म्हणून गावभर वाटत फिरले. मला वाटायचं तरुणपणीच मी मूर्ख होते. तसं काही नाही, मी ते सातत्यानं जपलंय.

"साहेब, मला माफी करा," बप्पा उठत म्हणाले. "पखवाज चांगला हाय. पर हे वाक्य माझ्या तोंडचं न्हाई." मग माझ्याकडं वळले, आणि त्यांचा आवाज पडला. "वैनी, तुमचे पाच पखवाज गेले वो माझ्यापायी."

कुणाल साहेबांनी कपाळावर हात मारला. गाडी, कॅमेरा, एवढी माणसं, सगळं पुण्याहून आणलेलं. आणि मला एकदम सुचलं. वाक्य त्यांच्या तोंडचं नाही, ठीक. मग कणकेची कटकट म्हणायचा हक्क कुणाचा आहे?

मी पुढं झाले, बप्पांच्या हातातला पखवाज उचलला. खरंच हलका होता हो, पोत्यातून कापूस काढावा तसा. गळ्यात घातला, पदर खोचला आणि कॅमेऱ्यात बघून म्हटलं, "पन्नास वर्षं झाली, कणीक मळतेय. सासूसाठी मळली, नवऱ्यासाठी मळली, पोरांसाठी मळली. आता म्हातारपणी पखवाज शिकायचाय, तर त्यालाही कणीक? कणकेची कटकट नको, बाई! उचला आणि वाजवा!" आणि दोन्ही हातांनी धाडकन वाजवला. काय वाजलं ते मारुतीलाच ठाऊक. मागं दहा बायकांनी टाळ असे काही धरले की पिंपळावरचे कावळे उडाले.

एकाच दमात झालं. कॅमेरेवाला म्हणाला, "आजी, कमाल!" कुणाल साहेब म्हणाले, "मी वर बोलून बघतो." बप्पा मात्र हे ऐकायला नव्हते. ते कधीच सावित्राबाईकडं निघाले होते, फडकं भिजवून.

चार दिवसांनी फोन आला. करार बदलला. सह्या आमच्या, अकरा बायकांच्या, त्यात दोघींचे अंगठे. चारचौघांत आम्ही कंपनीचाच पखवाज वाजवायचा, आणि आमचे उस्ताद काय वाजवतात याच्याशी कंपनीचा संबंध नाही, असं रेखानं मुद्दाम लिहून घेतलं. सावित्राबाईच्या हाताला बीडच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या. परवाच्या मंगळवारची कणीक, बप्पा म्हणाले, "पोरीसारखी झालती."

आता रोज सकाळी देवळात आमची शिकवणी असते. माझे हात अजून ऐकत नाहीत. बप्पा म्हणतात, "वैनी, पखवाज हाय तो, परात न्हाई."

हे सगळं झालं तरी माझ्या डोक्यातून त्यांचं एक वाक्य जाईना. सगळीच म्हणतेत मी बरी हाय. मीबी म्हणतो. गंगावहिनी, म्हणजे बप्पांची बायको, जाऊन आठ वर्षं झाली. दोन्ही मुलं चाकणला. बप्पा गावात सात दारांना जातात. त्यांच्या दारात कोण जातं?

गेल्या रविवारी, ऊन उतरल्यावर, मी माझा हलका पखवाज गळ्यात अडकवला आणि निघाले. रेखा म्हणाली, "कुठं निघालात?" मी म्हटलं, "कणीक मागायला." तिनं माझा पदर नीट केला. पन्नास वर्षांपूर्वी अशी त्यांच्या दारात गेले असते तर गावानं वर्षभर चघळलं असतं, आणि मैत्रिणीला सोळा पानांचं पत्र गेलं असतं.

कडी वाजवली. बप्पांनी दार उघडलं. मी नजर जमिनीवर ठेवली, आवाज मऊ केला.

"बप्पा, लिंबाएवढी कणीक द्या. तुमच्या हातची."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग पखवाजाकडं. "ह्याला लागत न्हाई, वैनी. तुमीच तर मोबाईलात सांगत बसल्यात."

"आणि जरा जास्तीची मळा," मी म्हटलं. "आज दोन पखवाज आहेत."

बप्पा उंबऱ्यात तसेच उभे राहिले. त्यांचा खालचा खांदा आणखी जरासा खाली आला. मग आत गेले. डबे उघडल्याचे, झाकणं पडल्याचे आवाज आले. बऱ्याच वेळानं परात वाजली. गोळा घेऊन आले तेव्हा दहाही बोटं पिठानं लडबडलेली, टोपीवरसुद्धा पीठ.

मी गोळा तळहातावर घेतला, अंगठ्यानं दाबला. अंगठा आत गेला तो परत निघेना. पाणी ढीगभर, आत कोरड्या पिठाच्या गुठळ्या. कॅलेंडरकडं बघत ते माझ्या निदानाची वाट पाहत होते.

"रोज खिचडी," मी म्हटलं. "एक वेळ शिजवायची आणि दोन वेळ खायची. किती वर्षं?"

"कणीक खोटं..." त्यांनी सुरुवात केली आणि वाक्य सोडून दिलं.

मी पखवाज खुंटीला अडकवला, बाह्या वर केल्या आणि परात पुढं ओढली. "तवा कुठंय?"

बप्पा फळीवर बघायला लागले, मी फळीखाली. तवा सापडायला आम्हा दोघांना मिळून पाव तास लागला.